काळ्या बिअरचा हलकेपणा

बिअरच्या बाबतीत रंगासारखा खोटा साक्षीदार नाही. ग्लासात काळपट तपकिरी बिअर दिसली की ती जड असणार, कडू असणार आणि लवकर चढणार, असे पाहणाऱ्याने ओठ लावण्याआधीच ठरवून टाकलेले असते. वास्तविक अल्कोहोल तयार होते ते धान्यातल्या साखरेपासून आणि रंग येतो तो धान्य किती भाजले त्यावरून; या दोहोंचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. जगभर काळ्या बिअरचे प्रतीक होऊन बसलेल्या गिनेस ड्राफ्टमध्ये ४.२ टक्के अल्कोहोल असते, तर आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणून जी धडाक्याने खपते ती आठ टक्क्यांपर्यंत जाते आणि रंगाने मात्र पिवळीधमक असते. तरीही बिचकायचे ते काळ्या बिअरलाच, ही रीत काही सुटत नाही.

जर्मनीच्या दक्षिणेला, विशेषतः बव्हेरियाच्या उत्तर भागातल्या फ्रांकन प्रांतात, जी गडद लागर (थंडीत संथपणे आंबवून मुरवलेली बिअर) मिळते तिला डुंकेल म्हणतात, आणि रंगाची ही लबाडी उघडी पाडायला तिच्याइतके चांगले उदाहरण नाही. मी एर्लांगनला राहतो. इथून बाम्बेर्ग, न्यूर्नबेर्ग आणि बायरॉइट या तीन शहरांच्या मधला डोंगराळ मुलूख, म्हणजे फ्रांकिश श्वाइत्स, सुट्टीच्या दिवशी सहज जाऊन येण्याजोगा आहे. चुनखडीचे सुळके, अरुंद दऱ्या, चेरीच्या बागा आणि दर दोन-तीन गावांआड एक ब्रुअरी असे त्याचे स्वरूप आहे. ओबरफ्रांकन या एका प्रशासकीय विभागात दीडशेच्या आसपास ब्रुअऱ्या चालू आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा इतक्या लहान आहेत की त्यांच्या बिअरचे नाव वीस-पंचवीस किलोमीटरपलीकडे कोणाला माहीत नसते, आणि मालकालाही त्याची खंत वाटत नाही.

या मुलखातली आउफझेस नावाची ग्रामपंचायत थोडी वेगळी आहे, कारण तिचे नाव गिनेस बुकात गेले. तेव्हा जेमतेम पंधराशेच्या आसपास वस्ती आणि चार ब्रुअऱ्या, म्हणजे दरडोई ब्रुअऱ्यांचा जागतिक विक्रम. त्याआधी या गावाचे नाव घेतले जाई ते न्यूर्नबेर्गचे जर्मन राष्ट्रीय संग्रहालय १८५२ मध्ये स्थापन करणाऱ्या हान्स फोन आउफझेस या सरदारामुळे. आता संग्रहालयाची आठवण काढणारे कमी आणि बिअरची काढणारे जास्त. चारही ब्रुअऱ्यांना जोडणारी सुमारे चौदा किलोमीटरची पायवाट आखलेली आहे, आणि चारी ठिकाणी पिऊन शिक्के मारून घेणाऱ्याला प्रशस्तिपत्रही मिळते. मला हा शिक्क्यांचा प्रकार रुचत नाही. चार ठिकाणी घाईघाईने चार मग रिचवण्यापेक्षा एका ठिकाणी निवांत बसलेले बरे, आणि ते ठिकाण माझ्यापुरते ठरलेले आहे: हेकनहोफ या चार घरांच्या वस्तीतले काथी-ब्रॉय.

काथी मायर नावाच्या बाईंनी ही ब्रुअरी नावारूपाला आणली आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. शेतघर, त्याला लागून ब्रुअरी आणि पुढे झाडांखाली बाके मांडलेले अंगण, एवढाच सगळा पसारा. रविवारी दुपारी मात्र अंगणाबाहेर मोटारसायकलींची अशी रांग लागते की एखादा मेळावा असावा. दूरदूरचे बाइकस्वार इथे येतात, हेल्मेट टेबलावर ठेवतात, भाकरीएवढ्या पावाचे काप आणि चीज मागवतात आणि गाडी चालवायची असल्यामुळे एकाच मगावर तासभर काढतात. जर्मनीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा दर हजारी ०.५ आहे आणि नवख्या चालकांना तर तेवढीही मुभा नाही. इथे पाव्हण्यासारखे वेगळे टेबल मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. जिथे जागा दिसेल तिथे ‘बसू का?’ असे विचारून अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचे असते.

इथली ओळखीची बिअर म्हणजे गडद लागर. अर्धा लिटरचा मग समोर येतो तेव्हा प्रथमदर्शनी तो काळाच वाटतो. पण मग हातात घेऊन उन्हाकडे धरला की काळेपणा विरतो आणि तळाकडे, जिथे काच निमुळती होते तिथे, डाळिंबाच्या दाण्यासारखा लालसर प्रकाश दिसू लागतो. फेस पांढराशुभ्र नसून साईच्या रंगाचा असतो आणि तो चांगला बोटभर टिकतो. मग अर्धा रिकामा झाला तरी काचेच्या आतल्या बाजूला प्रत्येक घोटाची एकेक कड मागे राहिलेली दिसते. वास घेतला तर पहिल्यांदा काहीच अंगावर येत नाही. थोडे थांबून पुन्हा नाक जवळ नेले की पावाच्या कडेचा खरपूस वास येतो, त्यामागून भाजलेल्या हेझलनटचा, आणि अगदी शेवटी हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, किंचित गवतासारखा.

पहिला घोट घेणाऱ्याची खरी फसगत होते ती पुढे. डोळ्यांनी जडपणाची तयारी केलेली असते, आणि जिभेवर येते ते जवळजवळ पाण्याइतके सैल, चपळ असे पेय. गोडवा असतो, पण तो जिभेच्या टोकाला स्पर्श करून निघून जातो. साखरेचा चिकटपणा मागे राहत नाही. मधल्या भागात जी चव येते तिचे वर्णन मला एकाच तऱ्हेने करता येते: ज्वारीची भाकरी निखाऱ्यावर फुगताना तिच्या पापुद्र्यावर जे तपकिरी ठिपके पडतात, तेवढाच भाग वेगळा काढून खाल्ला तर जशी लागेल तशी ती चव आहे. करपलेपणाच्या अगदी अलीकडे थांबलेली. कॉफीचा किंवा चॉकलेटचा जो ठसठशीत स्वाद स्टाउटमध्ये, म्हणजे गिनेससारख्या काळ्या बिअरमध्ये, असतो तो इथे नाही. शेवटी हॉप्सचा कडवटपणा येतो, तोही बेताचा, आणि घसा कोरडा करून जातो, म्हणजे पुढच्या घोटाची वाट मोकळी करतो. ही बिअर फ्रीजमधल्या थंडाव्याने प्यायची नसते. आठ-दहा अंशांना ती बोलू लागते आणि हातातला मग थोडा तापला की धान्याची चव अधिक उलगडते. म्हणूनच इथे मगाच्या शेवटच्या चतकोरात पहिल्यापेक्षा जास्त चव असते, जे पिल्सनर या फिक्या सोनेरी लागरच्या बाबतीत कधी घडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या एका मित्राला मी इथे घेऊन आलो होतो. मग पाहताच तो म्हणाला, “अरे, एवढी काळी? मग आपण दोघांत एकच घेऊ. मला संध्याकाळी ताळ्यावर राहायचंय.” पाच टक्के आहे, तुझ्या नेहमीच्या बाटलीपेक्षा कमी, असे सांगूनही त्याचा विश्वास बसला नाही; अर्धा मग संपल्यावर मात्र त्याने दुसरा स्वतःसाठी मागवला आणि पहिला माझ्याकडे सरकवला. माझ्या मते हा या बिअरला मिळू शकणारा सर्वांत चांगला अभिप्राय होता.

हा हलकेपणा कसा साधतो हे पाहण्यासारखे आहे. जव भिजवून, मोड आणून, मग भट्टीत सुकवले की माल्ट तयार होते. पिल्सनरसाठीचे माल्ट शेवटच्या टप्प्यात साधारण ८० ते ८५ अंशांवर सुकवतात. म्युनिक जातीचे गडद माल्ट शंभर अंशांच्या थोडे वर नेतात. एवढ्या वीस अंशांच्या फरकात धान्यातली साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात ती अभिक्रिया घडते, जिला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांचे नाव आहे आणि जी पावाच्या कवचातही घडते. रंग आणखी गडद हवा असेल तर जवळजवळ काळे भाजलेले माल्ट घालतात, पण ते एकूण धान्याच्या शेकडा एक-दोन भाग. म्हणजे आपण ज्या रंगाला घाबरतो तो शंभरातल्या एक-दोन मुठींची करामत असतो. जर्मन अबकारी खात्याला मात्र रंगाचे काही देणेघेणे नाही: तिथे बिअरवरचा कर आंबवण्याआधीच्या द्रवात किती अर्क, म्हणजे मुख्यतः धान्यातली साखर, विरघळलेला आहे त्या अंशांवरून ठरतो, आणि बहुतेक डुंकेल बारा अंशांच्या आसपास असते, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या फिक्या बिअरइतकीच.

जुन्या पद्धतीच्या ब्रुअरीत आणखी एक मेहनतीचे काम असते. दळलेले माल्ट आणि कोमट पाणी यांचा लगदा एका भांड्यात असतो. त्यातला सुमारे एक तृतीयांश घट्ट भाग बाजूला काढून वेगळ्या कढईत खदखदून उकळतात आणि पुन्हा मूळ भांड्यात ओततात, म्हणजे सगळ्या लगद्याचे तापमान एक पायरी वर चढते. थर्मामीटर नसण्याच्या काळात ठरावीक तापमान गाठण्याची ही युक्ती होती. आता तापमानासाठी तिची गरज नाही, इंधन आणि वेळ दोन्ही जास्त लागतात, म्हणून मोठ्या कारखान्यांनी ती बव्हंशी सोडून दिली. पण त्या उकळण्यात माल्टची चव खोल होते, असे अनेक ब्रुअर मानतात, आणि निदान डुंकेलच्या बाबतीत मला ते पटते.

पाण्याचा वाटा तर रंगाहूनही मोठा आहे. फ्रांकिश श्वाइत्सचा डोंगर चुनखडीचा, त्यामुळे इथले पाणी जड, कार्बोनेटयुक्त. अशा पाण्यात फिके माल्ट नीट चालत नाही. लगद्याची आम्लता कमी पडते आणि हॉप्सचा कडवटपणा खरखरीत लागतो. गडद माल्ट स्वतःच थोडे आम्लधर्मी असते आणि ती उणीव भरून काढते. म्युनिकचे पाणीही असेच, म्हणून तिथे तपकिरी बिअर रुजली. आजच्या चेकियातल्या पिल्सेनचे पाणी अत्यंत मृदू, म्हणून १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने तिथे सोनेरी लागर बनवली तेव्हा ती इतकी नितळ उतरली. ज्याला आपण गावाची परंपरा म्हणून मिरवतो तिचा बराचसा भाग विहिरीने ठरवलेला असतो.

त्याआधी बिअर तपकिरी असणे हीच साधी गोष्ट होती. माल्ट उघड्या जाळावर सुकवले जाई, त्यामुळे ते कमी-अधिक भाजले जाई आणि धुरकटही होई. बाम्बेर्गच्या श्लेंकेर्ला आणि स्पेत्सिआल या दोन ब्रुअऱ्या आजही बीचच्या लाकडावर माल्ट धुरावून ती जुनी चव राखून आहेत. धान्याला धूर न लागता गरम हवेने सुकवण्याचे तंत्र इंग्लंडात आधी पुढे गेले. १८३३ मध्ये म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीचा तरुण वारस गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाचा आंतोन ड्रेहर हे दोघे तिथल्या ब्रुअऱ्या पाहायला गेले. तिथल्या वर्टचे, म्हणजे न आंबवलेल्या माल्टच्या द्रवाचे, नमुने ते पोकळ केलेल्या काठीत चोरून घेत, अशी आख्यायिका आहे. ते परतल्यावर माल्टवर ब्रुअरचा ताबा वाढला, आणि तपकिरी रंग ही नाइलाजाने घडणारी गोष्ट न राहता निवडीची झाली. तरी म्युनिक बराच काळ गडदच राहिले. श्पाटेनने आपली पहिली फिकी ‘हेलेस’ १८९४ मध्ये बाजारात आणली, तीही आधी हँबुर्गला पाठवून तिथल्या गिऱ्हाइकांवर अजमावून. म्हणजे वयाने पाहिले तर आज जिला आपण ‘नेहमीची’ बिअर समजतो तीच नवी आहे, आणि काळी बिअर ही रोजच्या जेवणाबरोबरची, शेतमजुराने दुपारी प्यायची साधी बिअर होती. तिला आता ‘विशेष’ म्हणून वेगळ्या फळ्यावर ठेवतात, हा तिच्यावरचा अन्यायच आहे.

थंडीचा भाग राहिला. लागरचे यीस्ट आठ ते बारा अंशांत संथपणे काम करते आणि नंतर बिअर गोठणबिंदूच्या जवळपास कित्येक आठवडे ठेवावी लागते. बव्हेरियात १५५३ मध्ये उन्हाळ्यातल्या बिअरनिर्मितीवर बंदी आली. २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर भट्ट्या बंद, कारण उष्ण हवेत बिअर हमखास नासत असे. मग हिवाळ्यात बनवलेली बिअर उन्हाळाभर थंड ठेवायला डोंगर पोखरून तळघरे खोदली गेली. आमच्या एर्लांगनच्या टेकडीखाली अशी तळघरे आहेत आणि १७५५ पासून त्यांच्या दारांपुढे दरवर्षी बिअरची जत्रा भरते. या तळघरांच्या जोरावर एर्लांगनची बिअर एके काळी दूरदूर जात होती. मग १८७० च्या दशकात कार्ल फोन लिंडे यांचे शीतयंत्र आले, थंडी कुठेही विकत मिळू लागली आणि टेकडीचा फायदा संपला. शहरातल्या मोठ्या ब्रुअऱ्या एकामागून एक मिटल्या.

हेकनहोफसारख्या ठिकाणी असे काही घडले नाही, कारण गमावण्यासारखी बाजारपेठच नव्हती. बिअर बनवायची आणि आपल्याच अंगणात विकायची. स्वतःची शेती, स्वतःचा गुत्ता, असलाच तर शेजारी खाटिकखाना. वाढ न होणे हेच त्यांचे संरक्षण ठरले. लहान उत्पादकांना बिअरकरात सवलत आहे, तिचाही हातभार लागतो. पण या छोट्या ब्रुअऱ्यांभोवती जी भावुकता उभी केली जाते ती मला फारशी पटत नाही. पुढच्या पिढीला पहाटे उठून कढया घासायच्या नसतात, आणि त्यामुळे दर काही वर्षांनी एखाद्या गावातली ब्रुअरी गुपचूप बंद होते. शिवाय लहान म्हणजे चांगली असेही नाही. याच मुलखात मी चपटी, आंबूस बिअरही प्यायलो आहे आणि शेजारच्या टेबलावरचे लोक ती ‘अस्सल’ म्हणून वाखाणत होते.

चवीच्या परीक्षेत डुंकेल मागे का पडते याचेही कारण इथे बसून कळते. बिअरला गुण देणाऱ्या संकेतस्थळांवर वरच्या जागा बहुधा दहा-बारा टक्क्यांच्या स्टाउटना आणि हॉप्सने ओथंबलेल्या बिअरांना मिळतात, कारण चाखणारा दोन घोटांत निर्णय देतो आणि दोन घोटांत जी मोठ्याने बोलते ती जिंकते. डुंकेल दोन घोटांसाठी घडवलेलीच नाही. तिची परीक्षा दुसऱ्या मगाच्या मध्यावर होते: गप्पा चालू आहेत, चीज-कांदा संपत आला आहे, आणि जिभेला अजून कंटाळा आलेला नाही. या भागात पुष्कळ ठिकाणी बिअर दगडी मगातून देतात आणि मग तिचा रंग दिसतच नाही; नवख्याला डुंकेल पाजायची असेल तर ती तशीच पाजावी.

आपल्याकडे ही बिअर क्वचितच मिळते, त्याचे कारण आवडनिवड नसून हिशेब आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलाली हे जागेवरच बिअर बनवून विकणारे ठिकाण सुरू झाले, तेही एका जर्मन ब्रूमास्टरच्या हाताखाली, आणि त्यानंतर पुण्या-मुंबईत मायक्रोब्रुअऱ्यांची चांगलीच लाट आली. पण गव्हाची बिअर दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येते, तर लागर दीड-दोन महिने टाकी अडवून बसते, आणि कोरेगाव पार्कातल्या भाड्याच्या जागेत टाकी अडवणे परवडत नाही. हेकनहोफला जागेचे भाडे नाही आणि हिवाळा फुकट आहे.

मित्राने परत जाताना बाटल्या न्यायचे ठरवले. लहान ब्रुअऱ्या सहसा बिअर पाश्चराइझ करत नाहीत, त्यामुळे ती ऊन, हेलकावे आणि दिवस यांपैकी काहीच फार सोसत नाही. महिने उलटले की खरपूसपणा जाऊन मनुकांचा शिळा गोडवा आणि पुठ्ठ्याचा वास उरतो. अर्धा लिटरच्या चार बाटल्या म्हणजे बरोबर दोन लिटर, भारतीय कस्टम्सच्या सवलतीत बसणाऱ्या. मी त्याला बजावले की महिनाभरात संपव, आणि फ्रीजमधून काढल्यावर पंधरा मिनिटे तरी ओट्यावर ठेव. त्याने दोन्ही गोष्टी पाळल्या, असे तो सांगतो. रिकाम्या बाटल्यांवरचे प्रत्येकी आठ सेंटचे डिपॉझिट मात्र कायमचे बुडाले.